शहराची एक दिवसाची सहल, व्हीगन बर्गर आणि आमचे नाना

पायवाट

गेल्या रविवारी आम्ही चौघं एका दिवसासाठी शहरात जाऊन आलो. सकाळची गाडी, संग्रहालय, दुपारचं जेवण, थोडं भटकणं आणि संध्याकाळची परतीची गाडी, एवढाच बेत. संग्रहालय छान होतं, त्यावर वेगळा धागा काढेन. हा धागा जेवणाचा आहे.

लेक दीड वर्षापासून व्हीगन आहे, म्हणजे दूधसुद्धा नाही. नवरा सगळं खातो. मी अंड्यापर्यंत येते. आणि नाना, म्हणजे माझे सासरे, वय ७६, जन्मापासून शाकाहारी. चार माणसं, चार तऱ्हा. एरवी बाहेर गेलो की लेक बिचारी कोरडं सॅलड चिवडत बसते आणि आम्ही तिच्यासमोर मिटक्या मारत जेवतो. म्हणून या वेळी ठरवलं की तिच्या पसंतीच्या जागी जायचं. तिने पूर्ण व्हीगन फास्ट फूडचं एक दुकान शोधून ठेवलं होतं. बर्गर, फ्राइज, नगेट्स, शेक, सगळं.

पोचलो दीड वाजता. रांग दाराबाहेर. आत मोजून सहा टेबलं. काउंटरवर माणूस नाही, दोन मोठ्या स्क्रीन. बोट लावा, पैसे भरा, नंबर घ्या. नानांनी इकडेतिकडे बघून विचारलं, "माणूस कुठाय?" मग चष्मा नाकावर सरकवून स्क्रीन वाचायला लागले. चिकन नगेट्स. बेकन चीजबर्गर. वाचता वाचता मागे सरकले आणि मला हळूच म्हणाले, "अगं, ही आपल्याला भलत्याच ठिकाणी घेऊन आली."

लेकीने समजावलं की आजोबा, हे सगळं झाडापासून बनवलेलं आहे. नाना म्हणाले, "मग तसं लिहायला काय झालं?"

बर्गर आले. लेकीने सगळ्यांसाठी तिचा आवडता मागवला होता. नानांनी एक घास घेतला आणि चावलेल्या जागेकडे बघितलं. आत पॅटी गुलाबी होती आणि तिचा रस पावात उतरला होता. नानांनी घास गिळला, बर्गर खाली ठेवला आणि एका बोटाने तो ट्रेच्या पलीकडच्या कडेला सरकवला. रागावले नाहीत. "चव वाईट नाही गं. पण मला हे खाववत नाही," इतकंच म्हणाले. लेकीचा चेहरा एवढासा झाला. नवऱ्याने स्वतःचा संपवून नानांचाही खाल्ला आणि वर म्हणाला की सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं. ते ऐकून नाना आणखी गप्प.

शेवटी त्यांनी फ्राइज खाल्ल्या आणि ओट्सच्या दुधाचा चॉकलेट शेक प्यायले. शेक मात्र इतका आवडला की स्ट्रॉने तळ खरवडून काढला.

मला स्वतःला बर्गर आवडला. भाजलेला पाव, आंबटगोड काकडी, वितळलेलं चीज. इतका आवडला की एक गाडीत खायला बांधून घेतला. संध्याकाळी सातला उघडला तर पॅटी पिठल्यासारखी मऊ, आणि चीज मेणासारखं कागदाला चिकटलेलं. चक्क टाकून दिला.

तर प्रश्न असे. ती गुलाबी पॅटी खरंच पूर्ण वनस्पतीजन्य असते का? (नाना अजून साशंक आहेत.) पार्सलचं असं का झालं? आणि अशी खिचडी मंडळी घेऊन सहलीला गेल्यावर तुम्ही जेवणाचं काय करता?

निवांत

वाचतोय. "मग तसं लिहायला काय झालं" हे भारी. नानांना माझा नमस्कार सांगा.

रसायनवाला

पहिल्या दोन प्रश्नांवर थोडं बोलू शकतो, खाद्यपदार्थांच्याच धंद्यात आहे.

गुलाबी रंग दोन वाटांनी आणतात. सोपी वाट बीटचा रस. बियाँड मीट ही कंपनी ते वापरते, आणि त्यांची प्रथिनं मुख्यतः वाटाण्याची. दुसरी वाट इम्पॉसिबल फूड्सने २०१६ साली बाजारात आणली. मटणाला जी रक्ताळ, लोखंडी चव असते ती हीम नावाच्या लोहयुक्त रेणूमुळे. सोयाबीनच्या मुळांवर ज्या गाठी असतात त्यांत याच घराण्यातलं लेगहिमोग्लोबिन नावाचं प्रथिन सापडतं. मुळं खणून ते काढणं परवडणारं नाही, म्हणून त्याचा जीन यीस्टमध्ये घातला आणि टाक्यांमध्ये यीस्ट वाढवून ते प्रथिन तयार केलं. तेव्हा नानांना सांगा की त्या पॅटीत प्राणी नव्हता. मात्र त्यांच्या जिभेने जे ओळखलं तेही खोटं नव्हतं. ती चव आणायला कंपन्यांनी वर्षं घातली आहेत.

आता पार्सल. मटणाच्या खिम्यातली प्रथिनं शिजली की कायमची आवळली जातात, म्हणून गोळा टिकतो. वनस्पतीच्या प्रथिनांना हे नीट जमत नाही, त्यामुळे बऱ्याच पॅटींमध्ये मिथाइलसेल्युलोज घालतात. याचा स्वभाव गमतीशीर आहे. गरम झालं की घट्ट होतं आणि गार झालं की पुन्हा सैल पडतं, म्हणजे जिलेटिनच्या बरोबर उलट. तव्यावरून उतरलेली पॅटी दाताखाली छान लागते ती यामुळे, आणि चार तासांनी तिचं पिठलं होतं तेही यामुळेच. त्यात गरम बर्गर कागदात घट्ट गुंडाळला की आतली वाफ पावात मुरते.

चीजचंही तेच रडगाणं. दुधाच्या चीजची तार निघते ती केसीन या प्रथिनाच्या जाळ्यामुळे. व्हीगन चीज बहुतेक वेळा स्टार्च आणि खोबरेल तेलाचं असतं. खोबरेल साधारण २४ अंशांवर वितळतं. गाडीतला एसी त्याहून गार असेल तर मेण होणारच.

थोडक्यात, हा पदार्थ बांधून नेण्याचा नाही. बांधलाच तर घरी पॅटी वेगळी काढून तव्यावर परता, बरीच सावरते.

पायवाट

रसायनवाला, आता कळलं! लेक म्हणतेय की हे आधी माहीत असतं तर तिने तो तिथेच संपवला असता.

अळणी

मला एक कळत नाही. मटण सोडायचं आणि मग मटणाचंच सोंग आणायचं, ही कसली भानगड? भाज्या, कडधान्यं, शेंगा यांत काय कमी आहे? नानांचं बरोबर आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ऐकलं होतं, इथे कोंबडीच नाही आणि नुसता मसाला.

भटक्या_जमात

अळणी, तुमचं म्हणणं पटतं, पण हा पदार्थ नानांसाठी बनवलेलाच नाही. तो पायवाट यांच्या नवऱ्यासाठी बनवलाय. ज्याला चव सोडवत नाही त्याला अर्ध्या वाटेवर गाठायचं, असा सगळा डाव आहे. ज्याने आयुष्यात मटण खाल्लं नाही त्याला मटणाची हुबेहूब नक्कल दिली तर किळस येणारच. दोघांना एकच बर्गर मागवला, गोची तिथे झाली.

पूर्ण व्हीगन दुकानातही साधारण दोन घराणी असतात. एक नकलेचं: गुलाबी पॅटी, गव्हाच्या ग्लूटेनचं सेटन, "बेकन" वगैरे. दुसरं सरळ भाजीचं: राजमा किंवा काळ्या घेवड्याची पॅटी, मशरूम, तळलेला टोफू. नानांसारख्या माणसाला दुसऱ्या घराण्यातलं द्यायचं. मेन्यूत ते असतं, बहुतेकदा तळाशी दडलेलं.

पायवाट

लेकीला अळणी यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिचं उत्तर जसंच्या तसं: "मी प्राणी खाणं सोडलं, चव नावडती झाली असं कुठे म्हटलं?"

अळणी

बिनतोड. माघार घेतो. तरी मनातून पटलेलं नाही.

सुधाकरराव

माझा बाळबोध प्रश्न. शाकाहारी आणि व्हीगन यांत नेमका फरक काय? दूध नाही हे समजलं. मध का चालत नाही?

चटकमटक

सुधाकरराव, व्हीगन म्हणजे प्राण्यापासून आलेलं काहीच नाही. दूध, लोणी, चीज, अंडी, मध सगळं बाद. मध मधमाश्यांनी स्वतःसाठी साठवलेला असतो, तो आपण काढून घेतो, असा त्यामागचा विचार. शब्दही फार जुना नाही. इंग्लंडमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मंडळींनी व्हीगन सोसायटी काढली तेव्हा 'व्हेजिटेरियन' या इंग्रजी शब्दाची पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरं घेऊन तो घडवला. मधलं सगळं गाळलं. १ नोव्हेंबरला जागतिक व्हीगन दिन असतो, तो त्या सोसायटीच्या पन्नाशीनिमित्त १९९४ पासून.

नानांच्या "तसं लिहायला काय झालं" वरून आठवलं, हा वाद कोर्टातही जाऊन आलाय. युरोपच्या न्यायालयाने २०१७ साली सांगितलं की निव्वळ वनस्पतीजन्य वस्तूला दूध, लोणी, चीज अशी नावं देऊन विकता येणार नाही. म्हणून तिकडच्या खोक्यांवर ओट्सचं 'पेय' असं लिहिलेलं दिसतं. नाना एकटे नाहीत!

मीरा_कि

थोडी वेगळी बाजू मांडते. माझ्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे. आवडनिवड नाही, खरीखुरी, इंजेक्शन पर्समध्ये घेऊन फिरावं लागतं अशी. पूर्ण व्हीगन बर्गरच्या दुकानात त्याला पहिल्यांदा नेलं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. मेन्यू हातात घेऊन त्याने विचारलं, "यातलं मला काय चालेल?" मी म्हटलं, सगळं. त्याने मेन्यू दोनदा वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाला, "मग ठरवायचं कसं?" त्याला निवडायची सवयच नव्हती.

पण म्हणूनच सावधही करते. व्हीगन म्हणजे ॲलर्जीला सुरक्षित असं समजू नका. व्हीगन हा शब्द पदार्थात काय घातलं ते सांगतो, कारखान्यातल्या त्याच यंत्रावर आधी काय फिरलं ते सांगत नाही. पाकिटावर "दुधाचे अंश असू शकतात" अशी ओळ असेल तर व्हीगन माणूस बिनधास्त खातो, माझ्या मुलाला चालत नाही. शिवाय या जेवणात सोया, गहू आणि काजू ठासून असतात. सॉस आणि चीज काजूचं निघण्याची शक्यता बरीच. काजूची ॲलर्जी असेल तर साध्या दुकानापेक्षा इथे जास्त जपावं लागतं.

आम्हाला फटका बसला तो व्हीगन दुकानात नाही, एका मिश्र कॅफेत. कॉफीत घालायची पूड 'नॉन-डेअरी' म्हणून दिली. मी सवयीने डबा मागून वाचला तर घटकांत सोडियम केसिनेट. म्हणजे दुधाचंच प्रथिन! तेव्हापासून पुढचा मजकूर बघत नाही, डबा उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचते.

निवांत

"मग ठरवायचं कसं" वाचून गलबलून आलं.

रसायनवाला

मीराताई, अगदी योग्य सांगितलंत. त्यात भर घालतो, बारीक अक्षरांत लपणाऱ्या गोष्टी. पाकिटावर ई१२० असा क्रमांक दिसला तर ते कार्माइन, कीटकांपासून काढलेला लाल रंग. ई९०१ म्हणजे मधमाश्यांचं मेण. जिलेटिन माहीतच असेल. व्हे म्हणजे दुधाची निवळी. वूस्टरशर सॉसमध्ये मूळ कृतीत अँकोव्ही मासे असतात. ई४७१ वनस्पतीचं किंवा प्राण्याचं, दोन्ही असू शकतं, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. पूर्ण व्हीगन दुकानात ही डोकेफोड दुकानदाराने आपल्या वतीने केलेली असते. मला तरी तिथे जाण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच वाटतं.

चटकमटक

मिश्र दुकानातला गोंधळ वेगळाच. पॅटी व्हीगन असते, पण पाव ब्रिओश निघतो, म्हणजे अंडी आणि लोणी. पाव चमकावा म्हणून वरून अंड्याचा हात. मेयो अंड्याचं. तळणीची कढई सगळ्यांना एकच.

हे हवेतलं बोलत नाही. बर्गर किंगने अमेरिकेत २०१९ साली इम्पॉसिबल पॅटीचा व्हॉपर बर्गर आणला तो मटणाच्याच ग्रिलवर भाजला जायचा. वेगळा करून हवा असेल तर सांगावं लागायचं. एका व्हीगन गिऱ्हाइकाने दावा ठोकला. २०२० साली न्यायालयाने तो फेटाळला, कारण कंपनीने बिनमटणाची पॅटी देऊ म्हटलं होतं आणि ती दिली होती. वेगळ्या ग्रिलचं वचन कुठे होतं?

फ्राइजचंही तसंच. मॅकडोनाल्ड्स अमेरिकेत १९९० पर्यंत गोवंशाच्या चरबीत फ्राइज तळायची. मग वनस्पती तेल आलं, पण बीफचा स्वाद राहिला. शाकाहारी लोकांनी दावे केले आणि २००२ साली कंपनीने १ कोटी डॉलर देऊन ते मिटवले. म्हणून फ्राइज म्हणजे बटाटा आणि तेल, एवढं गृहीत धरून कोणी चालू नये.

अळणी

आता फ्राइजही गेल्या. चांगलंय. मी घरून डबा आणत जाईन.

भटक्या_जमात

डबा कधीही सोबत असावाच, पण सहलीत कुठेतरी बसून गरम खाण्यात वेगळी मजा आहे की.

पायवाट, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. आमचीही टोळी अशीच. अनुभवाने दोन-तीन गोष्टी शिकलो. अशी दुकानं लहान असतात, दीड-दोनच्या गर्दीत जायचं नाही. उघडतं तेव्हा किंवा तीननंतर. निघण्याआधी फोन लावायचा, कारण नेटवरची वेळ बऱ्याचदा शिळी असते. हॅपीकाऊ ही व्हीगन जागांची वेबसाइट १९९९ पासून आहे आणि जागा शोधायला उत्तम, पण दुकान बंद झाल्याचं तिथे कोणीतरी कळवेपर्यंत ते नकाशावर जिवंतच असतं. आम्ही एकदा असेच भर दुपारी कुलपासमोर उभे राहिलो. भुकेलेला सासरा आणि बंद शटर, याहून वाईट दृश्य नाही.

आणि सहल दुकानाभोवती बांधू नका. संग्रहालयापासून चालत दहा-पंधरा मिनिटांत असेल तर जा. दोन बस बदलून बर्गर खायला जायचं म्हणजे अर्धा दिवस त्यातच जातो, आणि इतक्या अपेक्षेने खाल्लं की कुठलाच बर्गर पुरा पडत नाही.

सुधाकरराव

माहिती छान मिळतेय. पण हे पथ्याचं खाणं समजायचं ना? कोलेस्टेरॉल नाही वगैरे?

रसायनवाला

नाही हो सुधाकरराव. कोलेस्टेरॉल प्राण्यांकडून येतं, त्यामुळे ते यात नसतं हे खरं. पण खोबरेल तेलात संपृक्त चरबी भरपूर, आणि मीठही सढळ हाताने. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. बर्गर, फ्राइज आणि सॉस एका बैठकीत संपवले तर त्यातला चांगला मोठा वाटा तिथेच उडतो. हे फास्ट फूडच आहे, तसंच खावं. क्वचित आणि आनंदाने.

जाता जाता, पायवाट यांच्या लेकीसाठी: बी१२ वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. वरून घातलेलं अन्न किंवा गोळी लागते. डॉक्टरांशी बोललेली असेलच.

पायवाट

हो, गोळी चालू आहे. तिचा बाबा रोज आठवण करतो आणि रोज तिचा ओरडा खातो.

पायवाट

तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय. काल पुन्हा जाऊन आलो! या वेळी नानांनीच विषय काढला. "त्या पोरीचं तोंड उतरलं होतं त्या दिवशी, माझ्या डोळ्यासमोरून जात नाही," म्हणाले.

पावणेबाराला दारात हजर. आधी फोन केला होता. रांग नाही, खिडकीजवळचं टेबल मिळालं. भटक्या_जमात यांनी सांगितल्याप्रमाणे मेन्यूच्या तळाशी काळ्या घेवड्याची पॅटी सापडली. नाना आतल्या खिडकीपाशी गेले आणि तिथल्या मुलाला विचारलं, "बाळा, हे आतून गुलाबी नाही ना?" तो गोंधळला, मग हसला आणि एक पॅटी अर्धी मोडून त्यांना दाखवली. काळी, मधे मक्याचे दाणे. नानांनी मान डोलावली.

सगळा बर्गर संपवला. पाव जरा कोरडा होता, असा शेरा मारून. पॅटीही कडेने सुटत होती, त्यांनी शेवटचे तुकडे चमच्याने गोळा केले. लेक काही बोलली नाही, पण स्वतःच्या फ्राइज हळूच त्यांच्या बाजूला सरकवत होती. पार्सल घेतलं नाही.

निवांत

आणि शेक?

पायवाट

तेच सांगायचं राहिलं. शेक मी मागवतो म्हणाले नाना आणि एकटेच स्क्रीनकडे गेले. चष्मा नाकावर, एक बोट पुढे. मागे उभा असलेला मुलगा मदत करू का म्हणाला, तर "जमतंय, जमतंय". पाच मिनिटांनी ट्रे आला. चौघांत सात शेक.

अळणी

सात!

पायवाट

सात. बटण दाबलं गेलं की नाही ते कळेना, म्हणून पुन्हा पुन्हा दाबत राहिले. आता बांधूनही नेता येईना. मग मागच्या त्या मुलाला एक दिला, आतल्या खिडकीतल्याला एक दिला. उरलेल्या पाचांतले दोन नानांनी प्यायले.